तुमचे बंधू शाळेत गेले त्याची हकीकत

तीर्थरूप वन्संच्या सेवेशी साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे हल्ली वाकत नाहीत, तेव्हा उरलेल्यांवर भागवून घ्यावं.) इकडे सगळे खुशाल. आईंची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. तुमचा दमा आणि तुमच्या यजमानांची पाठ कशी आहे ते कळवावं. हे कुठे आहेत असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, आणि दोन्ही वेळा मी "शाळेत" म्हटल्यावर लाईन खराब आहे म्हणून ठेवून दिलात. वन्सं, लाईन चांगली होती. तुमचे बंधू खरोखरच शाळेत आहेत, तिसरीच्या वर्गात. ते तिथे कसे गेले ते फोनवर सांगून संपेना, म्हणून हा कागद.

मागच्या खेपेला आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी निघाली, तेव्हा कोणाला उभं करावं यावर ह्यांनी पुष्कळ विचार केला आणि शेवटी आपल्याच घरात एक बाई आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. ती मी. तेव्हापासून मी नगरपालिकेची सदस्य आहे, म्हणजे हे बोट ठेवतील तिथे सही करते आणि आलेल्या माणसांना चहा देते. बाकीचं सदस्यपण हे सांभाळतात. पुढची खोली त्यांनी कार्यालय करून टाकली आहे. खुर्चीवर टॉवेल, दारावर पाटी, आणि पाटीवर माझं नाव, ह्यांच्या नावाच्या निम्म्या आकारात.

साथ आली तशी सरकारला फार जाग आली. रोज संध्याकाळी आदेश निघायचा आणि सकाळी त्याचा खुलासा. खुलासा वाचून आदेश होता तोच बरा असं वाटायचं. चपला विकायला परवानगी, शिवायला बंदी. वह्या अत्यावश्यक, पुस्तकं नाहीत. ह्यांना मात्र हा काळ मानवला. उभ्या आयुष्यात ह्यांचं कोणी ऐकलं नव्हतं (घरातलं ऐकणं ऐकण्यात धरत नाहीत), आणि आता गावच्या वेशीवर बाक आडवा टाकून ह्यांनी दक्षता पथक बसवलं. पथकात कोपऱ्यावरचा शिंपी आणि सायकल दुरुस्तीवाला, कारण दोघांची दुकानं बंद होती. बाहेरून येईल त्याने चौदा दिवस शाळेत राहायचं, हा नियम. त्या दोघांना ह्यांनी बजावून ठेवलं होतं की नात्यागोत्याकडे बघू नका, उद्या मी स्वतः आलो तरी सोडू नका. बोलायला माणूस बोलून जातो.

मग जिल्ह्याच्या साहेबांकडून बोलावणं आलं. कडक अंमलबजावणी करणाऱ्या गावांचा सत्कार होता. गर्दी होऊ दिली नाही म्हणून सगळ्या जिल्ह्यातली माणसं गोळा करून, खिडक्या लावलेल्या सभागृहात, मांडीला मांडी लावून बसवली. खरं बोलावणं माझ्या नावाचं होतं, पण प्रवासाची दगदग मला सोसायची नाही असं ह्यांनी ठरवलं. प्रशस्तिपत्र घेऊन हे ऐटीत परत आले, आणि वेशीवर शिंप्याने बाकावरून उठून नमस्कार केला, विचारपूस केली आणि शाळेचा रस्ता दाखवला. ह्यांनी आधी हसून घेतलं, मग आवाज चढवला, मग मला फोन करून त्यांना समजावायला सांगितलं. मी शिंप्याशी बोलले. तो बिचारा रडकुंडीला आला होता. "वहिनी, साहेबांनीच सांगितलंय, साहेब आले तरी सोडू नका म्हणून," तो म्हणाला. मी म्हटलं, मग साहेबांचा शब्द मोडू नकोस. एवढा मान मी ह्यांचा नेहमीच ठेवत आले आहे.

तर हे तिसरीच्या वर्गात गेले. फळ्यावर ह्यांनी दिवसभराच्या सूचना लिहायला सुरुवात केली, आणि वाचायला कोणी नाही म्हणून त्याच मला फोनवर सांगू लागले. सकाळी पाण्याचा टँकर, दुपारी जंतुनाशकाची फवारणी, मध्येच मी भाजी कोणती करावी ते. मी 'हो' म्हणायची. पण ह्यांच्या कागदावर सही करायला कागदच येईना, कारण शाळेतून बाहेर येणारी चिटोरीसुद्धा आदेशाप्रमाणे वेगळी ठेवायची होती. वर नवा आदेश निघाला की सभेला सदस्यांनी स्वतःच हजर राहावं. म्हणून एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी नगरपालिकेत गेले, आणि शिपायाने मला विचारलं, कोणाला भेटायचंय.

विषय होता आपल्या गल्लीतल्या नर्सबाईंचा. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. सरकारी दवाखान्यात असतात, विशीतल्या, उंच, आणि आपल्या उंचीची लाज वाटल्यासारख्या जरा वाकून चालतात. मागे सरकारने आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या, तेव्हा त्या नेमक्या कामावरून परत येत होत्या. सगळी गल्ली खिडक्यांत. टाळ्या सुरू झाल्या तशा त्या थांबल्या आणि आपल्यामागून कोण येतंय ते वळून बघायला लागल्या. त्याच आठवड्यात घरमालकांनी त्यांना खोली सोडायला सांगितली. घरमालक माणूस वाईट नाही. नातीची छाती नाजूक आहे, आणि भीतीला कोण काय शिकवणार? पण मग शेजाऱ्यांनी अर्ज केला, अर्जाचा ठराव तयार झाला, की दवाखान्यात काम करणाऱ्यांनी गावाबाहेर राहावं. गावाबाहेर कुठे, ते लिहिलं नव्हतं. ह्यांची फोनवर सूचना होती, डोळे मिटून सही कर.

सभा मागच्या मैदानात होती. खुर्च्या इतक्या लांब लांब की कुजबुजायचं तेही ओरडून कुजबुजावं लागत होतं. ठराव फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. वन्सं, सहीचा मला भारी सराव, पेन आपोआप टेकतं. त्या दिवशी टेकेना. नर्सबाई कुंपणाशी उभ्या होत्या, पायाशी दोन पिशव्या, निकाल काय लागेल ते आधीच ठाऊक असल्यासारख्या. मी उठले. मी म्हटलं, "ठराव चांगला आहे, मी सही करते. फक्त खाली एक ओळ वाढवा, की आमच्यापैकी कोणी आजारी पडलं तर हिला बोलावणार नाही. आणि त्या ओळीखाली सगळ्यांनी सह्या करा."

कागद पुन्हा फिरला. ह्याच्याकडून त्याच्याकडे, चष्मे निघाले, चष्मे चढले. सही कोणाचीच आली नाही. शेवटी अध्यक्षांनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, मग हिने राहायचं तरी कुठे? मी काही विचार न करता म्हटलं, माझ्याकडे. विचार घरी येताना केला. घरात आई. ऐंशी गाठलेल्या.

आईंना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या कानाशी वाकून मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हिला सुई दुखू न देता टोचता येते का?" येते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग कार्यालय रिकामं कर. खुर्चीवरचा टॉवेल मी धुऊन टाकला.

हे कळल्यावर ह्यांनी फोनवर जे आकाशपाताळ एक केलं ते लिहीत नाही, तुम्ही लहानपणी ऐकलंच असेल. आईचा जीव धोक्यात घातलास, मी आत्ता भिंतीवरून उडी मारून येतो, असं म्हणाले आणि खरोखरच निघाले. शाळेच्या मागच्या भिंतीवर सायकलवाल्याने त्यांना उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सत्काराला गेलेल्या सगळ्यांची तपासणी झाली. निकाल नर्सबाईंनीच मला दारात उभं राहून सांगितला. रोग ह्यांना होता. ताप नाही, खोकला नाही, नुसत्या सूचना. मी पायरीवर बसले. बाहेरून आले की हे आधी आईंच्या पलंगावर बसतात आणि त्यांच्या कानाला तोंड लावून सगळं सांगतात. सत्काराहून सरळ घरी आले असते तर प्रशस्तिपत्रच वाचून दाखवलं असतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत.

सत्कारात ह्यांच्या शेजारी बसलेले पलीकडच्या गावचे सदस्य गेले. ते कळलं तेव्हा ह्यांचा फोन आला. नाक ओढल्याचा आवाज तेवढा. त्या दिवशी एकही सूचना आली नाही. मला अजिबात करमलं नाही.

आता ह्यांचा निकाल स्वच्छ आला आहे. परवा सुटतील. थोरांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. भावाला चार दिवस हवापालटाला पाठव असं तुम्ही म्हणाला होतात. परवाच्या गाडीने परस्पर तुमच्याकडेच पाठवते. तुमच्या जिल्ह्यातही बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस घराबाहेर पडू देत नाहीत असं ऐकलं. सख्खा भाऊ म्हणून सवलत देऊ नये. नियम म्हणजे नियम.

आणखी ता. क. लांबलेल्या निवडणुकीची तारीख लागली. या खेपेला आमची जागा सगळ्यांना खुली आहे, आणि आता मी स्वतः उभा राहणार असं हे तिसरीच्या फळ्यावर लिहून बसले आहेत. अर्ज स्वतः हजर राहूनच भरावा लागतो. मुदत त्या चौदा दिवसांत संपते. माझा अर्ज काल भरून झाला. सूचक म्हणून आईंनी सही केली, अनुमोदक म्हणून नर्सबाईंच्या जुन्या घरमालकांनी.

शेवटचा ता. क. हे पत्र ह्यांना वाचायला दिलंत तरी माझी हरकत नाही. पण मुदत उलटल्यावर, आणि पोटभर जेवू घालून.