यंदाची म्हातारी कुणाच्या दारी

१४ सप्टेंबर १९०८, सोमवार
सणाला अजून पंधरा दिवस, नि आजच दारात टपकली ती बेथाग! मागोमाग तिचा भाचा लाखलन, खांद्यावर विळा. ओहोटी साधून पलीकडच्या बेटावरून वाळू तुडवत आले. म्हणे, "सहज आलो." ऐन कापणीत सहज कोण येतं? माझ्याच लोण्याशी दोन भाकऱ्या हाणल्या, वर म्हणते, "घोडी देखणी हो तुमची!" कळलं मला. संत मायकेलच्या सणाला घोड्यांची शर्यत असते, नि आदल्या दिवशी दुसऱ्याचं घोडं न विचारता नेलं तर ती चोरी नव्हे. ही रीत कुणी काढली देव जाणे!
पोरगा मात्र विळा घेऊन थेट आमच्या ओटच्या शेतात कापायला उतरला.

१५ सप्टेंबर
घोडी दाराशी बांधली.

१७ सप्टेंबर, गुरुवार
शेजारच्या टॉर्मडची कापणी गावात पहिली आटोपली. शेवटच्या पेंढीची त्याने बाहुली, म्हणजे म्हातारी, वळली, डोक्याला फडकं बांधलं. आता ती मागे राहिलेल्याच्या शेतात फेकायची, त्याने पुढच्याच्या. सगळ्यांत शेवटी ज्याचं शेत, त्याने तिला हिवाळाभर पोसायचं. गेल्या साली आमच्याकडे होती— गाय गेली. टॉर्मड बांधावरून ओरडतो, "मावशे, खाट झाडून ठेव गं!" मेल्या!
आमचं अर्धं शेत उभंच. कापायला मी, नात शोनग नि हा लाखलन. रोज ओहोटीला हजर. म्हटलं, "तुझं शेत कोण कापतंय रे?" तर म्हणतो, "होईल, आजी." काहीतरी शिजतंय.
शोनग गाजरं उपटत होती. सणाला पोरी पोरांना देतात तसली, पण टोपलीभर! "एवढी कुणाला गं?" तर म्हणे, "घोडीला." हीसुद्धा त्यांना सामील!

२२ सप्टेंबर, मंगळवार
झालं! शेवटची पेंढी बांधली, म्हातारी आली नाही! मी तिथेच नाचले. गुडघा आता ठणकतोय, ठणकू दे. टॉर्मडचं तोंड पाहण्यासारखं झालं.
आज बेथागही आली होती, जाता जाता घोडीचे दात बघून गेली. बघ म्हणावं!

२८ सप्टेंबर
घोडी जागेवर. दिवसभर मीच राखण केली. सहा दिवस लाखलन फिरकला नाही. शोनग धड जेवत नाही.

२९ सप्टेंबर, सण
टॉर्मड सांगत आला, "म्हातारी वाळूपलीकडे पोचली, मावशे. लाखलनच्या घरात! दोन्ही बेटांत त्याचंच शेत शेवटी राहिलं."
दुपारी आत्या-भाचा आले. पोराला मी स्वतः वाढलं. बेथाग म्हणाली, "संत मार्टिनच्या दिवशी शोनगला रीतसर मागणी घालायला येतो." ११ नोव्हेंबर, बुधवार.