थोरलीच्या हातचं मझनिक

३ सप्टेंबर १९७४

आज पुन्हा मझनिक, सफरचंद भरून पापुद्रे गुंडाळायचे. पुन्हा धाकट्या जागोदाला बघायला पाहुणे. आणि पुन्हा तव्याने भाजला तो माझाच हात!

बितोलाची माणसं. मुलगा तारखात्यात, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा. त्याच्या आईने तीन तुकडे हाणले आणि बोटं चाटत विचारलं, "कुणाच्या हातचं हो? काय पापुद्रे सुटलेत! आणि सफरचंद कसं आंबटगोड, पाणी म्हणून सुटलेलं नाही."

"थोरलीच्या," आई म्हणाली.

मग बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हिचं नाही करायचं?"

"तिला नकोय लग्न," आई लगेच म्हणाली.

चौतिसाव्या वर्षी मी चारचौघांत काय सांगणार? हवंय म्हणून? आईने माझी लाज राखली म्हणायची. बितोलावाल्यांचा नकार संध्याकाळीच आला. हुंडा, दुसरं काय! मझनिकाचा तवा मात्र रिकामा.

८ सप्टेंबर, रविवार

क्लिमे आला होता. त्याची बाग आणि आमची बाग, मध्ये फक्त पाण्याचा चर. बाबा शिडीवरून पडून कमरेतून गेले तेव्हापासून दर रविवारी येतो. बाबांशी बोलतो, आमच्या फवारणीचा पंप दुरुस्त करतो, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो.

"कडेचा तुकडा दे, फिदांका. करपलेला."

"करपलेलं काही नाहीये."

"नसू दे. यंदा सफरचंदांत जोनाथन फारच आंबट दिसतोय. तुझ्यावर गेलाय."

मी फडकं फेकून मारलं. झेललं आणि हसला! अडतीस वर्षांचा घोडा, पण हसतो पोरासारखा.

मोठ्याने म्हणता येत नाही म्हणून इथे लिहिते. मला हा माणूस हवाय. झालं, लिहिलं.

१० सप्टेंबर

त्याची आई, दोंकाकाकू, आज विहिरीवर भेटली. मी "बरं आहे ना काकू?" म्हटलं. तिने बादली उचलली आणि चालू पडली. उन्हाळ्याच्या आधीपासून हे असंच. मी काय तिची झाडं तोडली?

१६ सप्टेंबर

तोडणी सुरू. बाबा ओसरीवर खुर्ची टाकून ओरडतात, "देठासकट! देठासकट तोड!" देठासकटच तोडते बाबा. जन्म गेला त्यात. जागोदा दुपारी आली, अर्धी पेटी भरली आणि नखं तुटतात म्हणून गेली.

२१ सप्टेंबर

देवळातून आल्यावर आई म्हणाली, "उद्या क्लिमेकडची माणसं येतायत. सफरचंद घेऊन."

या गावात सगळेच सफरचंदांत लोळतात. सफरचंद घेऊन कुणाकडे गेलात तर वेड्यात काढतील. पण चांदीचं नाणं खोवलेलं सफरचंद वेगळं. ते मुलाच्या बागेतलंच लागतं. मुलीने हातात घेतलं की शब्द दिला.

कुणासाठी, ते आईने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. केस धुतले. निळा झगा काढून इस्त्री केला. उद्याचं मझनिक करताना पापुद्रा दोनदा फाटला. मूर्ख!

२२ सप्टेंबर

जागोदाला दिलं.

दोंकाकाकू उठली, सफरचंद रुमालावर घेऊन माझ्यासमोरून गेली. माझ्या गुडघ्याला तिचा झगा घासला. मी खरंच हात अर्धा पुढे केला होता. कुणी पाहिलं नसेल तर बरं. जागोदाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग घेतलं. क्लिमे सबंध वेळ जमिनीकडे बघत बसला होता. मागणी घालायला आलाय की प्रेताला, कळेना.

त्यांच्यातला एक म्हातारा बोललाच, "थोरली घरात असताना धाकटीला?"

आई हसून म्हणाली, "थोरलीचा जीव झाडांत. फिदांका, मझनिक आण गं."

आणलं. वाढलं. क्लिमेने मधला तुकडा घेतला आणि तोही ठेवला.

२३ सप्टेंबर

काही नाही.

२७ सप्टेंबर

क्रुसाचा उपास. अंडं नाही, दूध नाही, तेलातलं मझनिक. सफरचंदाच्या किसात साखरेऐवजी मूठभर मीठ घातलं. मुद्दाम! सगळ्यांनी खाल्लं. बाबा पाणी प्यायले. कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे भांडण काढावं एवढीही माझी किंमत नाही या घरात.

१३ ऑक्टोबर

सहकारी संस्थेची गाडी शेवटच्या पेट्या घेऊन गेली. बाग ओकीबोकी. क्लिमे आता रविवारी येतो तो पुढच्या दाराने, नवरदेव म्हणून. स्वयंपाकघराकडे फिरकत नाही.

जागोदा माझ्या खाटेवर येऊन बसली. "ताई, रागावलीस?"

"नाही."

"मग बोल ना माझ्याशी."

"बोलतेय की."

ती रडायला लागली. मी उशीचा अभ्रा बदलला. वाईट वागले. पण तिला जवळ घेणं काही जमेना.

६ नोव्हेंबर

रविवारी लग्न. परवा दोन्ही घरच्या लग्नाच्या भाकरीचं पीठ मळायचं. मळणारी कोण हवी? कुमारिका, आणि तिचे आईबाप दोघेही जिवंत हवेत. माझ्याइतकी लायक या गावात दुसरी नाही! माझ्या मैत्रिणींचं पीठ मी मळलं. आता त्यांच्या मुलींचंही मळते. मागे उभ्या राहिलेल्या पोरी खिदळतात, "फिदांकामावशी आहे तोवर आपल्याला काळजी नाही."

बहिणीचंही मळीन. आईने चाळण घासून ठेवलीय.

८ नोव्हेंबर

दोंकाकाकू सकाळी त्यांच्याकडचं पीठ घेऊन आली. माझे डोळे सुजलेले बघून भडकली. "आता कशाला रडतेस गं? ईस्टर झाल्यावर माझा लेक तळघरात जपून ठेवलेलं सफरचंद घेऊन तुझ्यासाठीच आला होता ना? तू बागेत होतीस. तुझी आई दारातच म्हणाली, फिदांकाला नकोय, विचारूही नका. न्यायचीच तर धाकटीला न्या. चार महिने झुरला माझा पोरगा!"

मी आत गेले. आई तव्याला तूप लावत होती. विचारलं. तिने मान वर केली नाही.

"जागोदा गेली तर या घराचं काही अडत नाही. तू गेलीस तर सगळंच अडतं."

मग तवा बाजूला ठेवला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "कौतुकच करतेय बाई तुझं. चल, पीठ मळायला घे."