पगारी गुरुवार

मावशी,

काल आमच्या सोसायटीत स्वयंपाकाच्या बाईंच्या सुट्टीवरून दोघीजणी कडाकडा भांडल्या आणि मी मधूनच उठून घरी आले. तेव्हापासून तुला लिहीत बसले आहे. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता मीच म्हातारी झाले, तरी अंधेरीची ती आमची खाणावळ डोळ्यांसमोरून हलत नाही. वडिलांच्या मागे आईने घरातच सुरू केलेली. दोन खोल्या, पंगतीला अठरा नोकरदार, आणि दोन्ही वेळेला चुलीपाशी तू. रक्ताचं नातं काहीच नव्हतं. कामाला आलीस त्या दिवशी आई म्हणाली, "हिला मावशी म्हणायचं," आणि मी म्हणू लागले.

अंधेरी तेव्हा नुकतीच मुंबईत धरली गेली होती, आणि मागोमाग दुकानांचा कायदा आमच्यासारख्या खाणावळींनाही लागू झाला. ते पत्रक मीच तुला वाचून दाखवलं. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, तीही पगारी. तुझं लाटणं थांबलं. "खरां काय गो बाय? परत वाच." मी तीनदा वाचलं. तुझ्या नवऱ्याने दुसरी केली होती आणि तुझ्या पोरीला, तुझ्या चेडवाला, कल्याणला ठेवून घेतलं होतं. दोन वेळची पंगत सांभाळून तुला तिकडे जाणं वर्षातून एखाद्या वेळीच जमायचं. तू तिथल्या तिथे ठरवलंस, "दर गुरवारी जायन. चेडवाची येणी घालीन."

पण मालकाच्या घरच्या माणसांना हा कायदा लागत नव्हता, आणि ते आईला कुणीतरी सांगितलं. इन्स्पेक्टर आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, नोकर कसली, घरचीच आहे ती." आईला मी दुष्ट म्हणत नाही. दुसरी बाई लावायची तिची ऐपत नव्हती, आणि साहेब बघून ती घाबरली होती. साहेबाने मला विचारलं, "काय गं, ही तुझी कोण?" मी म्हणाले, "मावशी." त्याने वही मिटली.

गुरुवार गेला. दिवाळीनंतर तू कल्याणला जाऊन आलीस ती आत न येता दारातच बसलीस. "चेडवान माका वळखल्यान नाय गो. 'ओ बाई, कोण पायजे?' म्हणालां." त्यानंतर तू कल्याणचं नावच काढलं नाहीस. वर्षानुवर्षं आमच्या पोळ्या लाटल्यास, एकदाही सुट्टी मागितली नाहीस. मला तुझा राग येतो, आईचा येतो, त्या साहेबाचा येतो. कुणावरचाच टिकत नाही, मग नुसतं भकास वाटत राहतं. कायदा चांगला होता गं. आमच्या दारापर्यंत आला होता.

मुलांना हे सांगते तेव्हा मी इथेच थांबते. लहान होते, सवयीने तोंडातून निघालं, असं म्हणते. सगळे हळहळतात. पण साहेबाने वही लगेच मिटली नव्हती, मावशी. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्याने विचारलं होतं, "सख्खी?" आईने मान खाली घातली. मी तेरा वर्षांची होते. पत्रक मला पाठ होतं. तू गुरुवारी गेलीस की लाटणं माझ्या हातात येणार, अठरा माणसांच्या पोळ्या माझ्या गळ्यात पडणार, हेही मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "हो, सख्खी."

तू चुलीपाशी ऐकत होतीस. साहेब गेल्यावर पिठाच्या हातांनी माझं तोंड कुरवाळलंस. शेवटच्या आजारातसुद्धा भेटायला येईल त्याला सांगत होतीस, "माजी बाय सायबासमोर माका सख्खी म्हणाली." मी उशाशीच बसलेली असायचे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. तुझ्यापाशी तेवढंच तर होतं.