सैल हात

१६ सप्टेंबर २०२४

लोकर आली एकदाची. कुरियरवाल्याने पुडकं तुळसाच्या घरात दिलं, म्हणजे वाडीभर झालंच. तुळसा माझी धाकटी जाऊ. पुडकं घेऊन आली ती हसतच — "वयनी, पावस थांबाक नाय आजून आणि तुमची थंडी इली?"

तिच्या मते कोकणात, वालावलच्या उकाड्यात बसून स्वेटर विणणं म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. असेल. पण रंग छान आलाय, फोटोत होता तसाच. गडद हिरवा. ह्यांना दुसरा चालतच नाही. फौज सोडून किती वर्षं झाली, हिरवा काही सुटत नाही.

२० सप्टेंबर

टाके घातले. माप घेतलं नाही. कधीच घेत नाही. पठाणकोटच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या सुरजीतने मला सुया धरायला शिकवलं, तेव्हापासून ह्यांचं माप माझ्या बोटांत आहे. तेव्हा हे स्वेटर घालून खरोखरच्या थंडीत पहारा द्यायचे. आता जानेवारीतल्या चार सकाळी पोफळींना पाणी लावायला जाताना घालतात. "चार सकाळींसाठी चार महिने विणतेस!" — सारिका फोनवर हसते. हसू दे. लेकीला आईची चेष्टा करायचा हक्क असतो.

स्वतःसाठी मात्र कधी विणलं नाही. मला कुठे एवढी थंडी वाजते. अंगण झाडताना ह्यांचा जुना टॉवेल गुंडाळते, भागतं.

३ ऑक्टोबर

काय हा उकाडा! लोकर हाताला चिकटते, टाका सुईवरून सरकत नाही. तळहाताला पावडर लावून बसले, तर मांडीवरचा हिरवा भाग पांढरा झाला. हे म्हणाले, "बरफ पडला काय गो?" आणि स्वतःच हसत बसले.

८ ऑक्टोबर

सुदेश आला होता. जावई दोडामार्गाहून रोज गोव्यात कामाला जातो, सुट्टी घ्यायची म्हटली तर त्याच्या जिवावर येतं. आज मात्र खास सुट्टी काढून ह्यांना घेऊन गेला, फौजी कँटीनचं सामान आणायला म्हणून. संध्याकाळी परत आले तर पिशवीत एक साबण आणि चहाची पुडी. म्हणे गर्दी होती. सुदेश चहाही न घेता निघाला. नवीनच.

३१ ऑक्टोबर

चावदिस, नरकचतुर्दशी. पहाटेची अभ्यंगं झाली, पोहे झाले. पाच तऱ्हांचे पोहे केले आणि ह्यांनी चमचाभर खाल्ले. दात दुखतात म्हणे. कुडाळला डॉक्टरकडे चला म्हटलं तर "बघूया" म्हणाले. ह्यांचं "बघूया" म्हणजे नाही.

१७ नोव्हेंबर

स्वेटर पुरा झाला आणि फसला.

घालायला दिला. खांदे खाली उतरले, पोटाकडे नुसता झोळ. मी बघतच राहिले. टाके नेहमीचे, सुया नेहमीच्या. हे आरशात बघून म्हणाले, "तुजो हात सैल झालो गो." तुळसा दारातच होती, ती खो खो हसली. "वयनी, ह्येच्यात भावोजींवांगडा सुदेशपण मावतलो!"

हसले मीही. पण आत कुठेतरी टोचलं. आजवर माझ्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. सुरजीत सांगायची, विणणारीचं वय आधी हातात दिसतं, मग केसांत. केस तर कधीच पिकलेत.

१९ नोव्हेंबर

उसवला. सगळा.

उसवायला वेळ लागत नाही, तेवढंच वाईट. उसवलेली लोकर कुरळी होते. तिच्या लड्या करून धुतल्या, खाली वजन बांधून पडवीत वाळत टाकल्या. हे खुर्चीत बसून बघत होते. "रवांदे होतो. घातलो असतंय तसोच," म्हणाले. म्हणजे आता मला दया दाखवणार.

६ डिसेंबर

बारीक सुया घेतल्यात. टाके कमी केलेत. प्रत्येक टाका ओढून घट्ट करते. बोटं दुखतात, मान धरते. सारखं सुयांकडे बघायचं, दुसरीकडे लक्ष जाताच कामा नये. आधी मी विणता विणता भाजीही परतायचे, आता एक ओळ झाली की मोजते, पुन्हा मोजते.

तुळसा म्हणाली, "भावोजी बारीक दिसतत गो." मी म्हटलं, वयानं होतात माणसं बारीक. तिला आपलं काहीतरी बोलायला हवंच असतं.

२८ डिसेंबर

पुन्हा सैल.

पहिल्याइतका नाही, पण सैलच. मला रडू आलं. साठी उलटलेली बाई स्वेटरसाठी रडते! पण रडले. हे जवळ आले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हात सैल झालो तर झालो. माणसाचा वय होता." मी हात झटकला त्यांचा.

५ जानेवारी २०२५

आज ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास डोक्यात गेला. खाली सहा वर्षांपूर्वीचा स्वेटर होता. तो पोटावर ताणून बसायचा, आम्ही त्यावरून ह्यांना कितीदा चिडवलं. म्हटलं, चांगला नमुना आहे. हा ह्यांच्या अंगात घालून बघू, मग माझा हात कुठे चुकतो ते कळेल.

"हा घाला जरा."

"कित्याक? जुनो तो."

"घाला म्हणते ना."

घालायला तयार नव्हते. माझ्या हट्टापुढे घातला. आणि तो जुना स्वेटरही लोंबला. खांद्यावरून उतरला. पोटावर जिथे ताण पडायचा तिथे माझी मूठ आत गेली.

ट्रंकेत पडलेला स्वेटर माझ्या हाताने कसा सैल होईल?

मी पहिल्यांदा ह्यांच्याकडे बघितलं. स्वेटरकडे नाही, ह्यांच्याकडे. गळ्याची हाडं. मनगट. रोज समोर असलेला माणूस, मी त्याला वाढत होते, त्याचं अंथरूण घालत होते.

"काय झालाहा तुमका?" म्हटलं.

खाली बसले. पोटात गाठ आहे. गोव्याला कँटीनला नव्हतेच गेले, डॉक्टरकडे गेले होते. फक्त सुदेशला माहीत. सारिकालासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, फार पसरली आहे, आता कापून उपयोग नाही.

६ जानेवारी

काल पुढचं लिहवलं नाही.

मी विचारलं, मग माझ्या हाताला कशाला नाव ठेवलंत? दोन महिने मी टाके मोजत मरत होते. तर म्हणाले — "तुका हाताचो घोर लावन दिलंय. म्हणान तू सुयांकडे बघत ऱ्हवलंस. माज्याकडे बघलंस नाय."

ह्यांना वाटतं, ह्यांनी मला दोन महिने सुखाचे दिले. मला वाटतं, माझे दोन महिने चोरले. दोघांचंही खरं असेल. आज मी ह्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढलं, औषध दिलं, बोलले नाही.

७ जानेवारी

बोलले. किती दिवस अबोला धरणार आता.

१४ जानेवारी

सारिका आली आहे. सुदेशवर भडकली, मग माझ्या गळ्यात पडून रडली. तुळसा रोज काहीतरी करून आणते, पेज, भाताची खिमट, शहाळं. थट्टा करत नाही. तिने थट्टा करावी असं वाटतं.

हे म्हणाले, "सुयो खंय ठेवलंस? विण गो कायतरी. तू विणतंस तेवा माका बरा वाटता."

काय विणू? स्वेटर विणला तर पुरा होईपर्यंत पुन्हा सैल होणार. मी हे तोंडाने बोलले नाही. ह्यांनीच सुचवलं, "शाल कर."

खरंच की. शालीला माप लागत नाही. माणूस कितीही बारीक झाला तरी पुरते.

१८ जानेवारी

दोन्ही स्वेटर उसवले, जुनासुद्धा. तीच हिरवी लोकर. जुनी जरा फिकी पडलीय, म्हणून एक ओळ जुनी, एक ओळ नवी घेते. हे पलंगावरून लोकरीचा गुंडा धरून ठेवतात. आज धरता धरता झोपले, गुंडा खाली पडून पार ओटीपर्यंत गेला.

९ फेब्रुवारी

शाल वीतभर झाली. ह्यांनी बघायला मागितली. अंगावर घालू म्हटलं तर नको. "माका ओजा होता. तूच घाल खांद्यार, मी बघतंय." घातली. मान वाकडी करून बघत बसले, शिंप्यासारखे. "रुंदी कमी कर वायच. टोका खाली लोळतली."

आयुष्यात कधी माझ्या विणण्यात तोंड घातलं नाही या माणसाने. आता मुकादम झालाय.

२६ फेब्रुवारी

पुन्हा उभी केली मला. पुढे, मागे, फिरून. म्हणाले, "लांबी वाढव. फुडे गाठ मारूक येवक व्हयी." म्हटलं, पलंगावर पडलेल्या माणसाला गाठ कशाला? तर म्हणतात, "फौजी माणसाचा सगळा घट्ट आसाक व्हया." दोघं हसलो. हसताना ह्यांना दुखलं. मी शाल उतरवून ठेवली.

१२ मार्च

उकाडा सुरू झाला. ह्यांना मात्र हुडहुडी भरते. गोधडी, वर चादर. शाल लवकर संपवायला हवी. रात्रंदिवस विणीन म्हटलं तर हात चालत नाही. हात सैल नाही झालेला. दोन ओळी झाल्या की उठून ह्यांची गोधडी नीट करते.

३० मार्च

गुढीपाडवा. शाल झाली.

मला शेवटची उभी केलीच. गाठ मारून दाखवायला लावली, वाकायला लावलं. वाकले. "बरी झाली," म्हणाले. घडी घालून उशाखाली ठेवली. अंगावर काही घेतली नाही. मी किती विनवलं, थंडी वाजते ना, घ्या. "मागीर," म्हणाले. नंतर म्हणजे कधी?

११ एप्रिल

उशाखालीच आहे अजून.

१९ एप्रिल

हे गेले. सकाळी. मी चहा ठेवायला आत गेले होते. सारिका जवळ होती. चहा उतू गेला, त्याचा वास अजून घरात आहे.

२२ एप्रिल

तुळसाने त्या दिवशी शाल काढली होती, ह्यांच्या अंगावर घालायला. नवीन, माझ्या हातची. योग्यच होतं. पण सारिका म्हणाली, बाबांनी सांगून ठेवलंय, शाल बरोबर द्यायची नाही. लोकर फुकट जळेल.

मला त्या रडण्यातही राग आला. अजूनही आहे. इतकी कसली ती काटकसर! माझ्या हातचं एवढंसं काही बरोबर नेलं असतं तर काय बिघडलं असतं? बाजारातल्या पांढऱ्या कपड्यात गेले.

शाल ट्रंकेत टाकली. डांबरगोळ्यासुद्धा घातल्या नाहीत. लागू दे कसर.

७ जुलै

सुया सारिकाला दिल्या. शिकेल कधीतरी. मी आता विणणार नाही.

२ नोव्हेंबर

तुळसा माझ्या शेजारी बसते संध्याकाळी. वाती वळते. आज म्हणाली, "भावोजी सारके माका विचारीत, वयनी सकाळी अंगण झाडताना टॉवेल गुंडाळता तो पुरता काय तिका." मी म्हटलं, कधी विचारलं? म्हणाली, आजारी होते तेव्हा. जानेवारीत.

मीही समोरचा कापूस ओढला. वाती वळायला घेतल्या.

२१ डिसेंबर २०२५

आज पहाटे पहिली थंडी. टॉवेल सापडेना. ट्रंकेतून शाल काढली, गुंडाळली, पुढे गाठ मारली. गाठ बरोबर बसली. वाकले तरी टोकं केरात लोळली नाहीत. दोन्ही हात मोकळे राहिले.

शालीला माप लागत नाही असं मी इथेच लिहिलंय. ही माझ्या मापाची निघाली. ह्यांनी आयुष्यात कधी अंगण झाडलं नव्हतं.