चेन पुढेच हवी

प्रिय चिमणे,

फोनवर सांगता येत नाही, तुझे बाबा कान टवकारून बसलेले असतात. शनिवारी आम्ही दोघं तुझ्या त्या पाणबुड्याला बघून आलो. ओरडू नकोस! बाबा हो म्हणाल्याशिवाय लग्न करणार नाही, असं तूच रडत म्हणालीस. आणि यांचं एकच पालुपद, दिवसभर पाण्यात असणारा माणूस संसार काय करणार! म्हटलं, नाक मुरडायचंय तर निदान बघून मुरडा. ओळख न देता, साधे पर्यटक म्हणून गेलो.

काय गं तो किनारा! नुसते काळे खडक, वर शेवाळ आणि जागोजागी सागरी उद्यानाच्या पाट्या. शिंपला उचलू नका, खडक उलटवू नका, माशांना खायला घालू नका. बाबा म्हणाले, इथे श्वास घेतलेला चालतो का ते विचारून ये. मी दोनदा घसरले ते वेगळंच.

तुझा तो सगळ्यांना डुबकीचे रबरी पोशाख वाटत होता. चेन पाठीवर येते, हे त्याने नीट सांगितलं. पण तुझ्या बाबांचा जन्म शिलाई मशीनवर गेलेला, त्यांना कोण शिकवणार? शिवण उलटून पाहिली, नापसंतीची मान हलवली आणि पुरुषाच्या कपड्याला चेन पुढेच हवी म्हणून पठ्ठ्याने पोशाख उलटा चढवला! गुडघे मागून फुगलेले, गळा आवळलेला, चेहरा लालबुंद. मला हसू आवरेना. तो पोरगा मात्र हसला नाही गं. काका, गळ्याशी जरा घट्ट होतोय, दुसरा बघू या, एवढंच म्हणून आडोशाला घेऊन गेला. मग दोघं पाण्यात गेले आणि मी खडकावर जीव मुठीत धरून बुडबुडे बघत बसले.

वर आल्यापासून बाबा गप्प. म्हटलं, झालं, बिनसलं सगळं.

तर पत्र एवढ्यासाठी, की काल त्यांनी ठेवणीतलं कापड काढून कोट बेतायला घेतला. कुणाचा, ते विचारलं तर खेकसले. छाती आणि खांदे म्हणे नजरेनेच घेतलेत. बाहीचा अंदाज मात्र येत नाही, कारण पाण्याखाली सबंध वेळ त्याचा हात यांनी घट्ट धरून ठेवला होता. तेवढं माप तू गुपचूप कळव.

तुझीच,
काजं करायला बसलेली आई