यजमानांना विचारतंय कोण

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. पुढेमागे नेटवर्क विभागाचा प्रमुख झालो (होणारच) की सुरुवातीचे दिवस आठवायला बरं. खुर्ची रिकामी आहे, दावेदार दोन. मी आणि शंकासुर. हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि प्रत्येक गोष्टीत शंका काढतो. नाव मीच ठेवलंय. साहेब म्हणाले, गोदामाच्या सर्व्हरवरची नेटवर्क कार्डं धड वापरली जातायत का बघा, शनिवारी रिपोर्ट द्या, आणि मला कळेल अशा भाषेत. मला म्हणाले, त्याला नाही. यातच सगळं आलं.
घरी हिला सांगितलं. ही ‘हं’ म्हणाली. फोनवर होती.

४ जून
रिपोर्टची सुरुवात झकास. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात बरेच लहान सर्व्हर राहतात. ते खरे नसतात, पण काम खरं करतात. त्यांना पोटात घेणारा तो होस्ट. साहेबांसाठी मी ‘यजमान’ लिहिलं. असे शब्द मला सहज सुचतात.
यजमानाकडे बाहेर बोलायला दोन कार्डं. यजमानाच्याच नोंदीतून आकडे काढले. एक नंबरच्या कार्डावर तुफान वर्दळ. दोन नंबरवर शून्य. सकाळी शून्य, जेवणानंतरही शून्य. असल्या ऐतखाऊंची मला मनस्वी चीड आहे. (दुपारी जरा डोळा लागला. विचार करताना लागतो.)

५ जून, बुधवार
शंकासुराने शंका काढलीच. म्हणे आकड्यांवर जाऊ नकोस. पोटातले सर्व्हर दोन नंबरच्या कार्डाशी थेट बोलतात, यजमानाला मध्ये घेतच नाहीत, म्हणून यजमानाकडे नोंद नाही. आणि एक नंबरवरची वर्दळ मात्र दोनदा मोजली जातेय.
मी म्हटलं, यजमानाच्या घरात यजमानाला न विचारता काही होईल का? त्यावर तो म्हणाला, तुझ्या लग्नाला किती वर्षं झाली? विषय सोडून बोलायची खोड आहे त्याला.
संध्याकाळी घरी आलो तर बाहेरची खोली पिवळी. रंगारी ब्रश धूत होता. मी कधीतरी हो म्हटलं असणार. कोपऱ्यात नवी मोठी बॅग. कुणाची ते विचारायचं राहिलं.

७ जून, शुक्रवार
कालचं लिहायचं राहिलं. कामाचा ताण. ठरलं: उद्या साहेबांसमोर दोन नंबरची वायर उपटून दाखवायची. रिपोर्ट शंभर पानी असला तरी प्रात्यक्षिक ते प्रात्यक्षिक. शंकासुराने हात जोडले. घाबरला बिचारा.
शेजारीण दारात आली होती. हिला विचारत होती, यजमान काय म्हणाले? ही हसून म्हणाली, यजमानांना विचारतंय कोण. कशाबद्दल चाललं होतं कुणास ठाऊक. मी पेपर वाचत होतो.

८ जून
वायर उपटली. म्हटलं, बघा साहेब, काडीचा फरक पडणार नाही.
गोदामातला पट्टा थांबला. पार्सलांवर पार्सलं चढली. बिलं निघेनात, वजनकाटा बंद, साहेबांचे दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. शंकासुराने माझ्या हातातून वायर घेऊन परत लावली. वर मला बसायला खुर्ची ओढून दिली. मनात कुजका आहे.
साहेब म्हणाले, सोमवारी बोलू. आवाज अगदी शांत होता. चांगलं लक्षण आहे.

९ जून
विचारांती लक्षात आलं, चूक आकड्यांची आहे. मी फक्त वाचले. उद्या साहेबांना हे समजावायचं. घरातही जरा लक्ष घालायचं ठरवलंय. पुढच्या रविवारपासून.

१० जून
प्रमुख शंकासुर. त्याने पेढे न वाटता माझ्यासाठी चहा मागवला, तेच जास्त लागलं.
घरी हिला कसं सांगावं म्हणून दोन चकरा रस्त्यावरच मारल्या. आत गेलो तर ही म्हणाली, मनाला लावून घेऊ नका. साहेबांच्या बायकोने शनिवारीच फोन केला होता. हिने शंकासुराच्या बायकोचं अभिनंदनही करून टाकलंय.
मग बॅगेचं विचारलं. लेक गुरुवारी दुसऱ्या गावी कॉलेजला चाललीय. प्रवेश झाला, हॉस्टेल ठरलं, शेजारणीलासुद्धा माहीत. मी म्हटलं, मला कुणी सांगितलं कसं नाही? दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. ही म्हणाली, अहो, हिने सांगितलं असेल असंच वाटलं मला.
खुर्ची गेल्याचं वाईट वाटलंच. पण लेक चालली याचं फार वाईट वाटलं. घरात एवढी वर्दळ, आणि माझ्याकडे शून्य.
हे इतकं लिहून वही कपाटात ठेवायला उठलो. ही म्हणाली, ठेवू नका, मला आजचं वाचायचंय. लेक म्हणाली, मला आत्तापर्यंत बुधवारचं पान सगळ्यात आवडलं.