आठ माणसांच्या फळीबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
यादी विभाग, दुसरा मजला

विषय : माझ्या सुतार मुलाचं नाव 'अतिरेकी' यादीतून काढून त्याला घरी सोडण्याबाबत.
संदर्भ : आपल्या भिंतीवर डकवलेली यादी, अनुक्रमांक सतरा.

महोदय,

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घ्यावं.

१. माझा मुलगा सभांसाठी व्यासपीठं बांधतो. सगळ्याच पक्षांची. फळ्या त्याच, वरचं कापड तेवढं बदलतं. राजकारणातलं त्याला ओ की ठो कळत नाही.

२. आता माझा गुन्हा. मला थापा मारायची खोड आहे. गेल्या महिन्यात नळावर मी सांगितलं, की माझ्या लेकानं अशी फळी केलीय, वरचा माणूस खोटं बोलला की मोडते. शिंपीण हसून हसून बादलीवर पडली. म्हणाली, "आजी, मग दवाखानाही शेजारीच बांधा!" याआधी विहिरीतल्या मगरीला मी चष्मा लावून दिल्याचंही सांगितलं होतं. त्याची चौकशी कुणी केली नाही.

३. गुरुवारी पुढाऱ्यांची सभा होती. ते "मी तुमच्यातलाच एक" एवढं म्हणाले आणि फळी मोडली. कारण सरळ आहे. फोटोसाठी एकतीस जण वर चढले होते. फळीवर लाल रंगात 'फक्त आठ माणसं' असं मुलानं लिहिलेलं होतं. पण नळावरची थाप तोवर गावभर झाली होती.

४. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांची माणसं त्याला 'अतिरेकी' म्हणाली. विरोधकांनी खांद्यावर उचलून 'क्रांतिवीर' म्हटलं. तिथूनच आपल्या शिपायांनी त्याला उतरवून नेलं. सुतार कुणीच म्हटलं नाही.

५. आता मी नळावर गेले की बायका अर्धीच बादली घेऊन निघतात. शिंपिणीनं माझं कापड न शिवताच परत दिलं. "रागावू नका आजी, आमच्या नावापुढे काही लागायला नको." काल वस्तीच्या सभेत गटाराबद्दल विचारायला एकही हात वर गेला नाही. गटार तुंबलंय म्हणणारा कुठल्या यादीत जातो, कुणास ठाऊक! सून म्हणते, यंदा मतालाही नको जायला. तिनं करवत गादीखाली लपवली. मी म्हटलं, अगं, सुताराच्या घरात करवत नसली तर जास्त संशय येईल. मग बाहेर काढली. मग पुन्हा लपवली.

६. खरी भीती पुढेच आहे. तो मला चारचौघांत कधी खोटं पडू देत नाही. मगरीचं लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "हो, काळ्या काड्यांचा चष्मा होता." आपण विचाराल, "फळीचं आई म्हणते ते खरं का?" आणि तो हो म्हणेल. सही करून मोकळा होईल. साहेब, पाया पडते, त्याला ते विचारू नका. विचारायचंच तर मला समोर उभी करा. मी त्याच्यादेखत सांगेन, मी खोटारडी आहे. हे आजवर मी कुणापुढे कबूल केलेलं नाही.

यादीत जागा रिकामी ठेवता येत नसेल, तर सतरा नंबरावर माझं नाव घाला.

या कागदावर एकही थाप नाही, असं लिहून देणारी,
सुताराची आई

दिनांक : सोमवार, त्याला नेल्याचा चौथा दिवस

सोबत :
१. मोडक्या फळीचा तुकडा. त्यावर 'फक्त आठ' एवढंच उरलंय.
२. मुलाचा चष्मा. हा खरा आहे. तो घरीच राहिला. सही करण्याआधी त्याला कागद वाचू द्यावा.